आबांची मार्क टू : दुसरा गियर सुटतो, रिव्हर्सला खर्र. गियरबॉक्स उतरवायचाच का?

रेवती_वाई | मंगळवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते.

माझ्या आजोबांची (आईचे वडील, आम्ही आबा म्हणायचो) ॲम्बेसेडर मार्क टू, १९६९ची, आता माझ्या दारात आली आहे. आबा डॉक्टर होते, वाईच्या आसपासच्या गावांत व्हिजिटला याच गाडीने जायचे. ते गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं नुसती उभी होती. मामा म्हणाला, तू घेत असशील तर घे, नाहीतर भंगारवाला विचारतोय. घेतली.

इंजिनाचा त्रास नाही. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, ब्रेकचं सगळं रबर बदललं, बॅटरी घातली आणि चालू झाली. दुखणं गियरचं आहे. रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं, अख्खी आळी वळून बघते. पहिल्यालाही होतं, पण कमी. दुसरा गियर पडतो, पण पसरणीच्या घाटात उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. उतारावर अशी गाडी मोकळी सुटली की पोटात गोळा येतो. शिवाय पहिल्या गियरमध्ये ऊंऊं असा रडका आवाज आहे, आणि स्टिअरिंगखालचा गियरचा दांडा न्यूट्रलमध्ये चांगलाच लोंबतो.

इथल्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न जाताच सांगितलं, "बॉक्स गेला ताई, उतरवून फुल ओव्हरहॉल." आकडा चाळीस हजार, पार्ट मिळाले तर. हे खरं असेल तर करीन. पण त्याआधी घरच्या घरी काही तपासता येतं का? नवऱ्याला पाने धरता येतात, मला हात काळे करायला चालतात.

पाना_बारा_तेरा | मंगळवार, रात्री ९.४५

गाडी भंगारात जाऊ दिली नाहीत याबद्दल आधी आभार.

तुमच्या तक्रारी चार आहेत, पण त्यांचं कारण एकच असेल असं धरू नका. गॅरेजवाल्याने चारही एका पोत्यात भरल्या. पहिल्या गियरचा रडका आवाज आजच यादीतून काढून टाका. त्या बॉक्सचा पहिला आणि रिव्हर्स सरळ दात्यांचा असतो, तो गाणारच. नवी गाडी शोरूममधून निघाली तेव्हाही गात होती. सिंक्रो, म्हणजे गुंतायच्या आधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी पितळी रिंग, फक्त दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला.

आता मला सांगा : रिव्हर्सची खरखर गाडी थंड असताना जास्त की गरम असताना? क्लचचं पेडल दोन-तीनदा भराभर मारून मग गियर टाकला तर फरक पडतो का? गियर ऑइल शेवटचं कधी बदललं? आणि आवाज चौथ्यात येतो का?

घाटमाथा | मंगळवार, रात्री १०.०३

एवढं कशाला? १४० नंबरचं ऑइल टाका, आवाज बंद. आमच्या काकांनी गाडी विकताना हेच केलं होतं.

पाना_बारा_तेरा | मंगळवार, रात्री १०.०८

"विकताना" हा शब्द तुम्हीच लिहिलात, बरं झालं. जाड तेलाने आवाज दबतो, झीज दबत नाही. वर सकाळी थंडीत गियर पडायला आणखी जड होतो, कारण सिंक्रोच्या पितळी रिंगेला ते जाड तेल कापून गियरच्या कोनावर (निमुळत्या शंकूवर) पकड घ्यावी लागते. रेवतीताई, हे करू नका. तुमच्या बॉक्समध्ये आधीच कोणी हे करून ठेवलं असेल, तर तेही बघावं लागेल.

लीड्सकर | बुधवार, पहाटे २.३०

इकडे इंग्लंडात माझ्याकडे जुनी एमजीबी स्पोर्ट्स कार आहे. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी सिरीज. मुळात ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, बंगालात उत्तरपाड्याला १९५७पासून बनायला लागली. त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला बराचसा लागू पडेल, सगळा नाही.

रिव्हर्सची खरखर ही बॉक्सची नसून क्लचची तक्रार असण्याची शक्यता फार मोठी आहे. कारण सांगतो. पेडल दाबलं की इंजिन आणि बॉक्स यांची फारकत व्हायला हवी. फारकत झाली की बॉक्समधला लेशाफ्ट (इंजिनाचा फेर गियरांना देणारा मधला दांडा) तेलाच्या ओढीने काही सेकंदांत थांबतो. थांबलेल्या दात्यांत रिव्हर्सचा दाता अलगद शिरतो. फारकत अर्धवट असेल तर लेशाफ्ट फिरतच राहतो आणि फिरत्या दात्यावर दाता आपटतो. दुसरा-तिसरा-चौथा सिंक्रोमुळे हे काही काळ सहन करून घेतात. पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो नाही, म्हणून ते ओरडतात.

तपासणी फुकट आहे. गाडी सपाट जागेवर, पुढे-मागे कोणी नको, हँडब्रेक ओढलेला. इंजिन गरम आणि आयडलवर शांत. पेडल तळापर्यंत दाबा, दाबूनच ठेवा, सावकाश दहापर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. बिनआवाज पडला तर क्लच ठीक, नुसती घाई नडत होती किंवा आयडल चढा होता. दहा मोजूनही खरखरला तर क्लच सुटत नाही. मग पेडल तीनदा मारून हीच चाचणी परत. आता सुधारला तर दोष हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या भागात : हवा, मास्टर सिलिंडर, खालचा सिलिंडर किंवा होज. मारूनही तसाच राहिला तर क्लचची प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलला गंजून चिकटली असेल, किंवा क्रँकच्या टोकातलं पायलट बुश बॉक्सच्या शाफ्टला धरत असेल. त्यासाठी मात्र बॉक्स उतरवावाच लागतो.

रेवती_वाई | बुधवार, संध्याकाळी ७.२०

लीड्सकर, पाना, दोघांचे आभार. संध्याकाळी करून पाहिलं. दहा मोजून टाकला : खर्र. तीनदा पेडल मारून दहा मोजले : गुपचूप पडला! नवऱ्याला वाटलं मी इंजिन बंद केलं.

थंड-गरम फरक नाही. गियर ऑइल कधी बदललं कोणालाच माहीत नाही. चौथ्यात आवाज नाही, तिसऱ्यात बारीकसा आहे.

पाना_बारा_तेरा | बुधवार, संध्याकाळी ७.५५

चला, खरखरीपुरता बॉक्स निर्दोष सुटला. आता गाडीखाली जा. जॅकवर भरवसा ठेवून नाही, स्टँड लावून. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधलं क्लचचं आवरण) बाजूला क्लचचा खालचा सिलिंडर दिसेल. रबरी टोपण जरा मागे सरकवा. आतून ओल आली तर आतला रबरी वॉशर गेला. मग एकाने वर पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं की सिलिंडरची काडी फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या लिव्हरला) किती ढकलते. काडी फोर्कला जोडणारी पिन आणि पिनेची भोकंही बघा. भोक अंडाकृती झालं असेल तर पेडलची निम्मी हालचाल तिथेच मरते. पिन पाच-पन्नास रुपयांची असते आणि लोक प्रेशर प्लेट बदलून बसतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

लीड्सकर | बुधवार, रात्री ११.१०

त्यात भर : माझ्या गाडीत ती काडी साधारण अर्धा इंच सरकते तेव्हा क्लच नीट सुटतो. तुमच्यात याहून फार कमी दिसली तर दोष हायड्रॉलिकमध्येच शोधायचा.

आणि रबरी होज बाहेरून चांगला दिसतो म्हणून सोडू नका. जुना होज आतून फुगतो, दाब काडीपर्यंत जाण्याआधी होजच फुगवण्यात खर्च होतो. उलटही होतं, आतलं अस्तर सुटून झडपेसारखं बसतं आणि क्लच सोडल्यावर तेल परत येत नाही. सिलिंडरच्या रबराचं नवं किट घालाल तेव्हा होजही नवा घाला.

एक सावधगिरी : त्या सिस्टिमला ब्रेक फ्लुइडच घालायचं. कोणी इंजिन ऑइल नाहीतर दुसरं खनिज तेल ओतून ठेवलं असेल तर सगळे वॉशर फुगून बसलेले सापडतील. मग एकच नाही, वरपासून खालपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं.

वासूअण्णा | गुरुवार, सकाळी ६.४०

रेवती, बाळ, मी तुझ्या आबांच्या पिढीतला. एक विचारतो, तू गाडी चालवताना सिग्नलला क्लच दाबून बसतेस का? या गाडीत क्लचचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नसतं, कार्बनची कडी असते. पेडल दाबलं की ती प्रेशर प्लेटवर घासत राहते. आमच्या काळी नवीन ड्रायव्हर ठेवला की त्याला पहिली ताकीद हीच : उभं राहायचं तर न्यूट्रल. पायाखाली पेडल धरून बसणाऱ्याचा कार्बन लवकर संपतो, मग धातूवर धातू घासतो आणि गियरबॉक्सच्या नावाने शिमगा.

रेवती_वाई | गुरुवार, सकाळी ८.१५

अण्णा, बसते. 😬 आधीच्या गाडीची सवय. आजपासून बंद.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी १.३०

हे सगळं करण्यापेक्षा इसुझूचं १.८चं इंजिन आणि त्याचा पाच गियरचा बॉक्स बसवा की. फ्लोअर गियर, पॉवर, आणि लोंबणारा दांडाही गेला. एका जागी तिन्ही प्रश्न खलास. नव्वदच्या दशकात कंपनीनेच ते ॲम्बेसेडरमध्ये दिलं होतं.

प्राची_के | गुरुवार, दुपारी २.१०

देता येतं म्हणून द्यावं असं नाही हो.

रेवतीताई, एक कागदोपत्री बाजू. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापर नसलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. तुमची १९६९ची बसते. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की दार बंद. नोंदणी फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण ५,०००. नंबरात 'व्हीए' येतं. अट अशी की ती गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. तेव्हा घाटात हौसेने फिरायचं असेल तर साधं रीरजिस्ट्रेशनच ठेवा आणि व्हिंटेजच्या भानगडीत आत्ता पडू नका. निर्णय कोणताही घ्या, पण इंजिन उचलून टाकलंत तर तो पर्यायच उरणार नाही.

आणि आरसी अजून आबांच्या नावावर असेल तर वारसाहक्काने नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो. खरेदी-विक्रीचे २९-३० वेगळे. त्याला मुदत असते, लवकर जा.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी २.४०

मी इंजिन म्हणालो, पण नुसता बॉक्स बदलला तर? नियमात बॉक्सचं नाव कुठे आहे?

पाना_बारा_तेरा | गुरुवार, दुपारी ३.०५

नियमात नसेल, पण लोखंडात आहे. बीएमसीच्या इंजिनाला इसुझूचा बॉक्स सरळ जुळत नाही, मधे ॲडॉप्टर प्लेट करावी लागते. वर फ्लोअर गियरसाठी पत्रा कापायचा. म्हणजे बॉडीला हात लागलाच. बसवणारे बसवतात, चांगल्याही चालतात त्या गाड्या. पण त्या टॅक्सीवाल्यांनी पोटासाठी केल्या. इथे एका चालत्या मूळ गाडीत एक वॉशर गळतोय आणि आपण तिचं काळीज बदलायला निघालोय.

रेवती_वाई | रविवार, संध्याकाळी ६.३०

अहवाल. 🙂

खालच्या सिलिंडरचं टोपण मागे घेतलं तर थेंब टपकून नवऱ्याच्या चष्म्यावर पडला. पेडल पूर्ण दाबूनही काडी पाव इंचाच्या आसपास सरकत होती. पिन झिजली होती, भोक मात्र ठीक होतं. पुण्याला नाना पेठेत वरच्या-खालच्या दोन्ही सिलिंडरची किटं, होज आणि पिन मिळाली. बसवलं, हवा काढली. आता दहा मोजायचीही गरज नाही, चार-पाचावर रिव्हर्स मुकाट पडतो.

पण दुसरा अजून सुटतो. उतारावर सोडला की टक् करून बाहेर. क्लचने त्याच्यात काडीचाही फरक नाही.

पाना_बारा_तेरा | रविवार, संध्याकाळी ७.१५

फरक पडायलाही नको होता, तो रोग वेगळा.

गियर सुटण्याची कारणं दोन ठिकाणी असतात. एक, बॉक्सच्या आत : सिलेक्टरच्या दांडीला खाचेत धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग थकली, सिंक्रो हबचे दाते गोल झाले, किंवा शाफ्ट पुढे-मागे खेळायला लागला. दोन, बॉक्सच्या बाहेर : तुमच्या दांड्याची हालचाल स्टिअरिंग कॉलमवरून, कड्या-काड्यांतून बॉक्सच्या लिव्हरपर्यंत जाते. मधल्या सांध्यांतल्या बुशा झिजल्या की तुम्ही वर पूर्ण गियर टाकता आणि खाली तो तीन चतुर्थांशच पडलेला असतो. अर्धवट गुंतलेला गियर उलट ओढ बसली की बाहेर येणारच. तुमचा दांडा लोंबतो म्हणता, तेव्हा माझी पैज बाहेरच्या कारणावर.

आता इंजिन बंद ठेवून : एकाने आत बसून दांडा सावकाश दुसऱ्यात न्यायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून कड्यांकडे बघायचं. वर किती हललं आणि खाली किती हललं? फरक दिसला तर बॉक्सच्या लिव्हरवरची कडी सोडवा आणि लिव्हर हातानेच दुसऱ्याच्या दिशेला ढकला. आतली गोळी खाचेत बसल्याचा ठाम टक् हाताला लागला पाहिजे आणि परत बाहेर काढायला जोर लागला पाहिजे. असं झालं तर आतली गोळी-स्प्रिंग शाबूत.

उत्तरपाडाकर | रविवार, रात्री ९.५०

नोकरीनिमित्त वीस-बावीस वर्षं बंगालात आहे. हुगळीच्या काठी, ती फॅक्टरी होती त्याच बाजूला राहतो. २०१४च्या मे महिन्यात कारखाना थांबला, पण कोलकात्यात ॲम्बेसेडर बांधणारे हात अजून आहेत. इथल्या मिस्त्रींकडून शिकलेली एक गोष्ट सांगतो, ती वर कोणी लिहिली नाही.

गियर फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावर सुटत असेल तर आधी फाउंडेशन, म्हणजे खालची रबरी बैठक, बघा. इंजिनाचंही आणि बॉक्सच्या मागचंही. इंजिन-बॉक्स रबरावर बसलेले, आणि गियरचा कॉलम बॉडीला बांधलेला. तुम्ही पाय सोडलात की इंजिन उलट बाजूला झुकतं. रबर धड असेल तर ते दोन-चार मिलिमीटर हलेल. रबर मेलं असेल तर अख्खा बॉक्स सरकतो, कॉलम जागेवरच राहतो, आणि मधली कडी गियर स्वतःच ओढून बाहेर काढते. माणूस बॉक्स उघडतो, आत सगळं छान दिसतं, परत बांधतो, परत सुटतो. फ्लोअर गियरच्या गाडीत दांडा बॉक्सवरच बसलेला असतो, म्हणून हा आजार तिथे सहसा दिसत नाही.

बघायची पद्धत : बॉनेट उघडं, हँडब्रेक, पायब्रेक दोन्ही. इंजिन चालू, पहिला टाकून क्लच किंचित, अगदी किंचित सोडा, ओढ लागली की परत दाबा. मग हेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. समोर कोणीही उभं राहायचं नाही, लहान मुलं आत पाठवा. इंजिन खुर्चीतून उठल्यागत हललं तर उत्तर मिळालं.

लीड्सकर | सोमवार, पहाटे १.१५

वा! हे मला सुचलं नसतं, एमजीबीचा दांडा बॉक्सवरच आहे.

रेवती, त्याच फेरीत गियर ऑइल गरम असताना काढून बघा. पांढऱ्या किंवा स्टीलच्या परातीत काढा म्हणजे दिसतं. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोच्या रिंगेचं पितळ. थोडी चमक या वयाला चालते. लोहचुंबक फिरवा : काळी, मऊ, लोण्यासारखी मळी आली तर नेहमीची झीज, टोचणारे कण आले तर दाते तुटतायत. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, उभ्या गाडीत तेही होतं.

नवीन तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. आबांच्या डॅशबोर्डच्या खणात ते पुस्तक असण्याची शक्यता बरीच. माझ्या एमजीबीला तर बॉक्समध्ये इंजिन ऑइलच लागतं, हे ऐकून इथले तरुण मेकॅनिकही दचकतात. दुकानदार जीएल-५ दर्जाच्या गियर ऑइलचा डबा पुढे करेल. तो डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनसाठी उत्तम. पण त्यातली गंधकाची रसायनं पितळी रिंगांना खातात, आणि तेल फार निसरडं असल्याने रिंगेला पकडही मिळत नाही. बॉक्सला नको.

रेवती_वाई | शनिवार, रात्री ८.४०

उत्तरपाडाकर, तुम्ही आमच्या घरी जेवायला यायचं. तारीख सांगा.

पहिल्यात क्लच सोडला तेव्हा इंजिन जरासं उठलं. रिव्हर्समध्ये सोडला आणि दीर ओरडले, "अगं थांब थांब!" गियरबॉक्सच्या मागचं फाउंडेशन खालून काढलं. कुठून तरी गळणाऱ्या तेलात ते वर्षानुवर्षं भिजलं होतं. हातात घेतलं तर चिंचेच्या काळ्या गोळ्यासारखं, दाबलं की बोट रुततं आणि बोटाचा ठसा तसाच राहतो. दोन्ही लोखंडी पट्ट्या रबरापासून केव्हाच सुटल्या होत्या, बॉक्स नुसता त्याच्यावर टेकलेला. इंजिनाची पुढची दोन बरी आहेत, एकाला चीर आहे.

लिव्हरची चाचणीही केली. कडी सोडवून हाताने ढकलला तर टक् इतका खणखणीत की मला शेडच्या बाहेर ऐकू आला. म्हणजे गोळी-स्प्रिंग ठीक ना? कड्यांच्या बुशा मात्र पार गेल्यात. एका जागी बुशच नाही, कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळली होती. आबांचा ड्रायव्हर, दुसरा कोण असणार.

तेल काळं आणि दाट, चमक सोनेरी, चुंबकावर मऊ मळी, टोचणारं काही नाही. पुस्तक खणात नव्हतं, आबांच्या औषधाच्या कपाटात सापडलं, थर्मामीटरच्या डब्याखाली. तेल त्यात लिहिल्याप्रमाणेच भरलं.

पाना_बारा_तेरा | शनिवार, रात्री ९.०५

ती ट्यूबची पट्टी फेकू नका, त्या माणसाने गाडी थांबू दिली नव्हती.

गोळी-स्प्रिंग ठीक. बुशा बाजारात मिळाल्या तर उत्तम, नाहीतर लेथवाल्याकडून पितळी करून घ्या. मापाला जुनी बुश देऊ नका, ती झिजलेली आहे. पिनेचा न झिजलेला भाग मोजायला द्या. खेळ अगदी नावापुरता ठेवा, घट्ट केल्यात तर दांडा जड होऊन भलत्याच जागी अडकेल. फाउंडेशन आधी बसवा, कड्यांची लांबी त्यानंतर जुळवा. उलट केलंत तर खाली खचलेल्या बॉक्सप्रमाणे जुळवलेलं सगळं परत फिरवावं लागेल.

चीर गेलेलं पुढचंही बदलून टाका. आणि ते तेल कुठून गळतंय हे न बघता नवीन रबर बसवलंत तर त्याचीही चिंच होईल.

रेवती_वाई | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.५०

झालं! फाउंडेशन पुण्याहून, बुशा इथल्याच लेथवर पितळेच्या. गळती बॉक्सच्या मागच्या सीलमधून होती, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढलाच होता म्हणून तेही बदललं. शाफ्टचा एक क्रॉस (सांधा) हाताला खडबडीत लागला, तोही नवा घातला. गाडी निघताना खालून ठक् व्हायचं, मी ते लिहिलंही नव्हतं, ते गेलं.

आज पसरणीवरून पाचगणी आणि परत. उतरताना दुसऱ्यात ठेवून पाय पूर्ण काढला. दांडा हलला नाही. आई मागे बसली होती, तिला यात विशेष काय ते कळेना.

एक उरलं. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना, वेग जरा जास्त असला की बारीक कर्र होतं. वर चढवताना नाही होत.

लीड्सकर | पुढचा रविवार, रात्री १०.३०

ती सोनेरी चमक इथून आलेली. दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. खाली आणताना रिंगेला लेशाफ्टचा वेग वाढवावा लागतो, त्यात तिची कसोटी जास्त. म्हणून वर जाताना गप्प आणि खाली येताना कर्र. हा बॉक्सच्या आतला, खरा झिजेचा दोष. पण तेवढ्यासाठी लगेच बॉक्स उतरवायची घाई मी करणार नाही. तिसऱ्यातला तुमचा बारीक आवाज वाढला, किंवा चुंबकावर टोचरे कण आले, तर मात्र उतरवा.

वासूअण्णा | सोमवार, सकाळी ६.२५

रेवती, यावर एक फुकटचं औषध आहे. डबल क्लच. आमचे एसटीचे ड्रायव्हर जन्मभर हेच करत आले.

तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचंय. क्लच दाब, न्यूट्रलला आण, क्लच सोड. न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी मार, इंजिन जरा चढू दे. परत क्लच दाब आणि लगेच दुसरा टाक. त्या टिचकीने लेशाफ्टचा वेग तूच वाढवून दिलास, रिंगेला कामच उरलं नाही. टिचकी किती, ते कानाला कळतं. आधी सपाट रस्त्यावर कर, घाटात नंतर. चालती गाडी पहिल्यात आणायची वेळ आली तरी हेच, कारण तिथे रिंगच नाही. पण जमेल तितकं पहिला उभ्या गाडीतच टाकावा.

रेवती_वाई | बुधवार, रात्री ९.३०

अण्णा, नदीकाठच्या रस्त्यावर सराव केला. दहातले सहा-सात जमतात. जमलं की काय सुख आहे हो ते! नवरा म्हणतो आता त्याला गाडी मिळणार नाही.

फॉर्म ३१ भरला, प्राची. व्हिंटेजचं नंतर बघू.

रिंगा आत्ताच घेऊन ठेवाव्यात का? एक जण फोनवर म्हणाला कोलकात्याहून पूर्ण सेट पाठवतो, आगाऊ पैसे द्या.

उत्तरपाडाकर | बुधवार, रात्री १०.१५

आगाऊ काही पाठवू नका. कोलकात्याच्या मल्लिक बाजारात ॲम्बेसेडरच्या रिंगा अजून मिळतात, जुन्या साठ्यातल्याही आणि नकलीही. डब्यावर नाव तेच असतं. नकली रिंगेच्या आतल्या बारीक धारा हाताला गुळगुळीत लागतात, कोनावर दाबून फिरवली तर पकडतच नाही. पुढच्या महिन्यात मला त्या बाजूला जायचंच आहे. दुकानात बसून कोनावर फिरवून बघतो, बऱ्या दिसल्या तर फोटो टाकतो. मार्क टूचाच बॉक्स आहे ना, मधे कधी बदललेला नाही ना? बॉक्सवर नंबर कोरलेला असेल तर त्यावरचा मळ पुसून तो इथे लिहा.

रेवती_वाई | बुधवार, रात्री १०.२०

उद्या सकाळी उजेडात खाली जाते आणि लिहिते.